टोचलेली सुई लपवू नका



गेल्या पावसाळ्यात भामरागडकडील एका गावात मलेरियासाठी रक्त घेताना आशाताईंच्या बोटात वापरलेली सुई रुतली. त्या बोट चोखणार, तोच मी हात धरला. "भाऊ, कोणाला सांगू नका," त्या म्हणाल्या.

लपवण्यातच धोका आहे. बोट चोखू वा पिळू नये; साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवावे. लगेच वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे. एचआयव्हीचा धोका वाटल्यास ते प्रतिबंधक गोळ्या देतात. त्या शक्यतो २ तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू करून २८ दिवस घ्याव्या लागतात. आपल्याकडे पुराने वाट बंद होते. म्हणून उद्यावर ढकलू नये. कावीळ-ब ची लस मात्र आधीच, तीन मात्रांत पूर्ण करावी.

वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. ती तिथल्या तिथे जाड, पांढऱ्या डब्यात टाकावी.

कोणी पडू नये म्हणून नव्या घराच्या धाब्याला कठडा बांधावा, अशी आज्ञा अनुवाद २२:८ मध्ये आहे. आमच्या कामात हा डबाच कठडा होय.

ताईंना त्याच दिवशी रुग्णालयात नेले. शेवटची तपासणी बाकी आहे. प्रार्थनेत त्यांची आठवण ठेवा.