परका, आपल्याच घरात

प्रश्न : अरबी कादंबऱ्यांचे अनुवाद वाचताना जाणवतं, त्यांतली माणसं फार तुटलेली असतात. हे युरोपीय साहित्याचं अनुकरण म्हणायचं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : साठच्या दशकात कैरो-बैरूतमध्ये सार्त्र आणि कामू आवडीने वाचले जात, हे खरं. पण तेवढ्याने उत्तर संपत नाही. आपण 'गरीब' म्हणतो तो शब्द मूळचा अरबी, आणि तिथे त्याचा अर्थ परका माणूस. आपल्याकडे पोचेपर्यंत तो कंगाल झाला! त्याच धातूतून आलेला 'गुर्बा' म्हणजे परमुलखातलं जिणं. आधुनिक अरबी कादंबरीचं वेगळेपण मला इथेच दिसतं : तिचा नायक परका होतो तो घरी परतल्यावर.

नजीब महफूज यांच्या 'चोर आणि कुत्रे'मधला (१९६१) सईद तुरुंगातून सुटून मुलीला भेटायला जातो, तर ती त्याला ओळखतच नाही, घाबरून मागे सरते. सुनअल्ला इब्राहिम स्वतः १९५९ ते १९६४ तुरुंगात होते. त्यांच्या 'तो वास'मधल्या (१९६६) सुटलेल्या कैद्याला दिवेलागणीला घरात असावंच लागतं, कारण रोज रात्री पोलीस वहीवर सही घ्यायला येतो. या कादंबरीतली वाक्यं इतकी कोरडी आहेत, की वाचताना घशाला कोरड पडते. या माणसांना सार्त्र वाचून एकटं व्हायची गरज नव्हती.

आणि सुदानचे तय्यब सालिह. 'उत्तरेकडे स्थलांतराचा मोसम' (१९६६) ही त्यांची कादंबरी मी पुन्हापुन्हा वाचते. सात वर्षं युरोपात शिकून निवेदक नाईलकाठच्या आपल्या गावी येतो. तिथे मुस्तफा सईद हा उपरा शेती करत राहिलेला. हाही कधीकाळी लंडन गाजवून आलेला. मुस्तफा नाहीसा झाल्यावर त्याची कुलूपबंद खोली उघडते. सुदानच्या त्या उकाड्यात इंग्रजी थाटाची शेकोटी, छतापर्यंत इंग्रजी पुस्तकं, कुराणसुद्धा इंग्रजीत. अरबी पुस्तक एकही नाही. साम्राज्याने माणसाच्या आत काय बांधून ठेवलं, ते सालिह एका खोलीत दाखवतात.

पण माझं मन अडकतं ते खोलीत शिरतानाच्या क्षणी. निवेदक अंधारात काडी ओढतो. समोर एक चेहरा. मुस्तफाच, असं वाटून त्याचा संताप उसळतो. समोर असतो आरसा.