घरातील उंदीर : पकडावा कसा, सोडावा कोठे?

सुगी सरते, कापसाचे ढीग व ज्वारी-तुरीची पोती घरात येतात आणि त्यांच्या मागोमाग उंदीरही घरात शिरतो. महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या आदिलाबाद जिल्ह्यातील तलमडुगु परिसरात हा अनुभव नवा नाही. पीक कापले गेले की शेतातील आडोसा व खाद्य दोन्ही नाहीशी होतात आणि उंदीर वस्तीकडे वळतात.

धान्याची नासाडी थांबविलीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो पद्धतीचा. विषारी गोळी लहान मुलाच्या हाती लागू शकते. विष खाल्लेला उंदीर मांजराने वा घुबडाने खाल्ला तर उंदरांचा नैसर्गिक शत्रूच दगावतो. चिकट फळीवर अडकलेला जीव तासन्‌तास तडफडतो. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर पिंजऱ्यासह पाण्यात बुडविण्याची प्रथाही क्रूरच होय. ताब्यातील प्राण्यास अनावश्यक यातना होऊ न देणे हे प्रत्येकाचे कर्तव्य असल्याचे १९६० चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक अधिनियम सांगतो.

प्रथम प्राणी ओळखावा. लांब, निमुळते तोंड व उग्र वास असलेली चिचुंद्री ही उंदीर नव्हे; ती मुख्यतः किडे खाते. तिला दार उघडून वाट करून द्यावी.

उंदरासाठी तारेचा पिंजरा वापरावा. उंदीर भिंतीच्या कडेने धावतो, म्हणून पिंजरा भिंतीलगत ठेवावा. आकड्याला खोबऱ्याचा काप, शेंगदाणा किंवा भाकरीचा तुकडा लावावा. पहिली एक-दोन रात्री झडप बांधून उघडीच ठेवल्यास उंदराचा संशय जातो. आत काकडीची फोड व थोडा कापूस ठेवावा, म्हणजे पाण्यावाचून व थंडीने तो मरत नाही. पिंजरा रात्री निजताना व पहाटे न चुकता पाहावा. लावून विसरलेला पिंजरा हा विषाइतकाच निर्दय ठरतो. घरात पिलांचे घरटे दिसल्यास थोडे थांबावे. पिले साधारण तीन आठवड्यांत स्वतंत्र होतात. आईला आधीच दूर नेल्यास ती उपाशी मरतात.

सापडलेल्या उंदरास हात लावू नये. पिंजऱ्यावर गोणपाट टाकून तो त्याच दिवशी वस्तीबाहेर, झुडपे व गवत असलेल्या जागी न्यावा आणि झडप उघडून बाजूस व्हावे. अंगणापलीकडे सोडलेला उंदीर परत येतो. शेजाऱ्याच्या खळ्यात सोडणे म्हणजे आपले संकट दुसऱ्याच्या माथी मारणे होय.

तथापि, एक गोष्ट स्पष्टपणे ध्यानी घ्यावी. अनोळखी जागी सोडलेले अनेक उंदीर जगत नाहीत, आणि घराचे भोक उघडे राहिल्यास रिकाम्या जागी दुसरे येतात. मादी सुमारे वीस दिवसांत पाच-सहा पिलांना जन्म देते. म्हणून खरी भूतदया पिंजऱ्यात नसून बंद केलेल्या भोकात आहे. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतूनही लहान उंदीर शिरतो. अशा फटी तारेची जाळी व सिमेंट घालून बुजवाव्यात. दाराखाली पत्र्याची पट्टी ठोकावी. धान्य झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवावे. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत. उष्टे-खरकटे रात्रभर उघडे ठेवू नये.

आरोग्याची काळजीही तितकीच महत्त्वाची आहे. लेंड्या कोरड्या झाडू नयेत; ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने भिजवून पुसून घ्याव्यात व हात साबणाने धुवावेत. पिंजराही धुऊन उन्हात वाळवावा. एकाएकी बरेच उंदीर मरून पडलेले आढळल्यास त्यांना स्पर्श न करता प्राथमिक आरोग्य केंद्रास तात्काळ कळवावे. १८९६ साली मुंबईत आणि १९९४ साली बीड जिल्ह्यात व सुरतेत उद्भवलेल्या प्लेगच्या साथीची आठवण ठेवल्यास या दक्षतेचे महत्त्व पटेल.

शिक्षकांनी हा पाठ प्रात्यक्षिकाने शिकवावा. प्रत्येक विद्यार्थ्याने पेन्सिल घेऊन घराच्या भिंती व दारे तपासावीत, ज्या फटीत ती शिरते तेथे खडूने खूण करावी आणि वडीलधाऱ्यांच्या मदतीने ती बुजवावी. महिन्याने पुन्हा पाहणी करावी. गणपतीच्या पायाशी मूषकाला मान देणाऱ्या घरात त्याचा छळ होऊ नये आणि धान्याचा एक दाणाही वाया जाऊ नये. या दोन्ही गोष्टी एका बुजविलेल्या भोकाने साधतात.