पंख्याकडे टक लावणारे बाळ

प्रश्न : अडीच महिन्यांचे बाळ वडिलांनी हाक मारली तरी छताच्या पंख्याकडेच पाहत राहते आणि मध्येच स्वतःच्या मुठीकडे एकटक बघते. हे स्वाभाविक आहे काय?

उत्तर : होय. नवजात बालकाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचेच बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. त्यापलीकडचे धूसर असले तरी पांढऱ्या छतावर फिरणाऱ्या गडद पात्यांसारखा ठळक रंगविरोध, म्हणजे उजेड आणि काळोख यांच्यातील तीव्र फरक, त्याची नजर खेचून घेतो, त्यामुळे वडिलांनी पंख्याचा हेवा करण्याचे कारण नाही. पहिल्या महिन्यात बाळ चेहऱ्याच्या कडा, विशेषतः केस आणि कपाळ यांची सीमारेषा न्याहाळते, तर दुसऱ्या महिन्यात त्याची नजर आत, डोळ्यांवर स्थिरावू लागते आणि त्याच सुमारास समोरच्याला प्रतिसाद देणारे, म्हणजे सामाजिक, हास्य उमटते. मुठीचे निरीक्षण याहून अर्थपूर्ण आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन अपत्यांच्या निरीक्षणांवरून १९३६ च्या ग्रंथात ‘वर्तुळ-प्रतिक्रिया’ वर्णिली असून, योगायोगाने घडलेली शारीरिक हालचाल बाळ पुन्हा पुन्हा करून पाहते, असा तिचा अर्थ आहे; मुठीकडे एकटक बघणे हे तिचेच उदाहरण. वडिलांनी बाळाला मांडीवर घेऊन चेहरा हातभर अंतराच्या आत आणावा, सावकाश बोलावे आणि बाळाने मान वळवताच थांबावे, कारण ते थकल्याची ती खूण असते. मात्र तीन महिने उलटूनही नजर हलत्या वस्तूमागे फिरत नसेल, हसू उमटत नसेल किंवा डोळ्याची बाहुली पांढरी चमकत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना त्वरित दाखवावे.