इतिहासातील 'जर' आणि १९ मते



इतिहासात जर-तरला स्थान नाही, असे आपण नेहमी ऐकतो. परीक्षेच्या उत्तरात ते खरे. पण घटनेची कारणे शोधताना 'जर' फार उपयोगी पडतो. अमेरिकेत १९४८ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ट्रूमन हरणार असे बहुतेकांनी गृहीत धरले होते. शिकागोच्या एका दैनिकाने तर त्यांच्या पराभवाची बातमी छापलीसुद्धा! ट्रूमन जिंकले. 'ते हरले असते तर?' हा प्रश्न अभ्यासकांना आजही खुणावतो. तसाच एक प्रश्न आपण आपल्या भागासाठी विचारू.

१९५२ मध्ये आपला धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता. हुबळी-धारवाडच्या मतदारांनी मुंबई विधानसभेसाठी मते दिली. त्याच निवडणुकीत मोरारजी देसाई गुजरातमधील बलसाड भागातून अवघ्या १९ मतांनी हरले. गणित करून पाहा: विरोधकाला मत देणाऱ्या फक्त १० जणांनी मोरारजींना मत दिले असते, तर ते एका मताने जिंकले असते.

मग काय बदलले असते? मुख्यमंत्री तरी नाही! हरूनही मोरारजीच मुख्यमंत्री झाले. राज्यघटनेच्या १६४ व्या कलमानुसार विधिमंडळाचा सदस्य नसलेली व्यक्ती सहा महिन्यांपर्यंत मंत्री राहू शकते.

आपला जिल्हा मुंबई राज्यात राहिला असता का? तेही कठीण. डिसेंबर १९५२ मध्ये स्वतंत्र आंध्रासाठी उपोषण करताना पोट्टी श्रीरामुलू यांचे निधन झाले. १९५३ मध्ये हुबळीजवळच्या अदरगुंची येथे शंकरगौडा पाटील यांनी कर्नाटक एकीकरणासाठी उपोषण केले. त्याच वर्षी राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. पुढे संसदेने कायदा केला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड म्हैसूर राज्यात गेले. आपली राजधानी मुंबईऐवजी बंगळूर झाली. १९५७ मध्ये येथील मतदारांनी म्हैसूर विधानसभेसाठी मतदान केले. इतक्या मोठ्या प्रवाहाला १० मते अडवू शकली नसती.

म्हणून 'जर' वापरताना तीन गोष्टी पाळा: एकच घटना बदला, बाकीची माहिती खरी ठेवा, आणि काहीच बदलत नसेल, तर तसे प्रामाणिकपणे लिहा. खरे कारण कोणते, हे तेव्हाच कळते.

स्वाध्याय
१. श्रीरामुलू यांची मागणी त्यांच्या हयातीतच मान्य झाली असती तर? दहा ओळी लिहा.
२. राज्य बदलल्यावर शाळा, नोकरी व कचेरीच्या कागदपत्रांत काय बदलले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा व लिहून ठेवा. पालकांनीही यात मदत करावी. या आठवणी आता थोड्याच घरांत उरल्या आहेत.