अर्धशिशीसाठी बोटॉक्स : वर्षाला खर्च किती येतो?

महिन्यातले पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस डोकं दुखतं, त्यातले किमान आठ दिवस मळमळ, उजेड सहन न होणं, आवाज नकोसा वाटणं अशी अर्धशिशीची लक्षणं असतात आणि हे तीन महिन्यांहून जास्त काळ चाललं आहे, अशा दुखण्याला डॉक्टर क्रॉनिक मायग्रेन म्हणतात. बोटॉक्सचा फायदा दिसला आहे तो याच रुग्णांमध्ये. महिन्यातून दोन-चारदा डोकं धरत असेल, तर त्यावर पैसे घालू नका.

सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावहून या उपचारासाठी निघायचं म्हणजे हिंगोली गाठून पुढे नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरचा न्यूरोलॉजिस्ट पाहावा लागणार. निघण्याआधी घरी एक काम करा, त्याला रुपयाही लागत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर जिथे दुधाचा हिशेब लिहिता, तिथेच रोज डोकं दुखलं की खूण करा आणि त्या दिवशी कोणती गोळी किती घेतली तेही लिहा. तीन महिन्यांची ही पानं हाती असली की डॉक्टरला निदान करणं सोपं जातं. दुसरी गोष्टही त्यातून कळते. पॅरासिटामॉलसारखी साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, किंवा अर्गोटामिन असलेली अर्धशिशीची गोळी 10 किंवा जास्त दिवस घेतली जात असेल, तर गोळ्यांच्या अतिवापरानेच डोकं दुखत असण्याची शक्यता असते. मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय पट्टी आणणाऱ्या कित्येक बायाबापड्यांचं दुखणं असंच वाढत जातं. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या गोळ्या कमी केल्या, तर काहींना महागड्या उपचाराची गरजच उरत नाही.

त्यानंतरची पायरी म्हणजे रोज घ्यायची प्रतिबंधक गोळी. प्रोप्रॅनोलॉल, अॅमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट ही नेहमीची नावं. यातल्या बऱ्याच गोळ्या जेनेरिक स्वरूपात स्वस्त मिळतात, त्यामुळे जनऔषधी केंद्रात आधी विचारा. दम्याच्या रुग्णाला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही आणि मूल होऊ देण्याच्या वयातल्या बाईने टोपिरामेट घेण्याआधी डॉक्टरांशी स्पष्ट बोललंच पाहिजे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत किमान तीन प्रतिबंधक औषधं निष्फळ ठरल्यावरच बोटॉक्स दिलं जातं. ही अट आपल्या खिशालाही सोयीची आहे.

आता सुईचा हिशेब. अमेरिकेत 2010 मध्ये या कामासाठी मान्य झालेल्या पद्धतीत 155 युनिट 31 ठिकाणी टोचतात, दर ठिकाणी 5 युनिट. कपाळ आणि भुवयांच्या मध्ये मिळून सात टोचण्या, दोन्ही कानशिलांवर मिळून आठ, डोक्याच्या मागे सहा, मानेवर चार, खांद्यांवर सहा. नेहमी 200 युनिटची बाटली 4 मिलिलिटर सलाईनमध्ये विरघळवतात, म्हणजे सिरिंजवरच्या 0.1 मिलिलिटरमध्ये 5 युनिट येतात. सारं काम दहा-पंधरा मिनिटांत आटोपतं. सुरकुत्यांसाठी फक्त कपाळावर चार-दोन टोचण्या देणारं ब्युटी क्लिनिक स्वस्त सांगेल, पण ते अर्धशिशीचे बोटॉक्स नव्हे.

दर मात्र युनिटमागेच विचारा. हिशेबापुरता एका युनिटला 250 रुपये दर धरू. 155 युनिटचे 38,750 रुपये होतात. पण 200 युनिटची पूर्ण बाटली तुमच्या नावावर लावली, तर तेच बिल 50,000 वर जातं. उरलेल्या 45 युनिटचे पैसे कोणी भरायचे, हे सुई टोचण्याआधी ठरवा. बाटली तुमच्यासमोर उघडायला सांगा, ब्रँड आणि मुदत वाचा, पक्कं बिल घ्या. एका ब्रँडचे युनिट दुसऱ्या ब्रँडच्या युनिटाबरोबर बदलता येत नाहीत, म्हणून नुसता दर पाहून ब्रँड बदलू नका. डॉक्टरची फी दरात धरली आहे की वेगळी, हेही विचारा.

खरा खर्च पुढे आहे. परिणाम टिकत नाही, दर 12 आठवड्यांनी पुन्हा टोचावं लागतं. पहिल्या वर्षी पाच फेऱ्या झाल्या, तर वरच्या दराने 1,93,750 रुपये होतात. एवढी रक्कम एका दमात कबूल करू नका. दोन फेऱ्यांचे 77,500 बाजूला काढा आणि त्यानंतर कॅलेंडर बघा. डोकेदुखीचे दिवस किमान 30 टक्क्यांनी घटले नसतील, तर थांबा. इंग्लंडमध्येही हाच नियम आहे. सगळ्यांना गुण येतो असं नाही. मोठ्या चाचण्यांत महिन्याला सुमारे 20 दिवस डोकं दुखणाऱ्यांचे 24 आठवड्यांनी सरासरी 8.4 दिवस घटले आणि नुसतं सलाईन टोचलेल्यांचे 6.6. काहींना यात आयुष्य परत मिळतं, काहींना काहीच मिळत नाही. मान दुखणं, पापणी खाली येणं हे त्रास होऊ शकतात. गरोदरपण किंवा स्नायूंचा आजार असेल, तर आधीच सांगा.

विम्याचे बहुतेक दावे 24 तास दाखल असण्यावर किंवा डे-केअरच्या यादीवर अवलंबून असतात, त्यामुळे ओपीडीतल्या सुईचे पैसे मिळतील असं गृहीत धरू नका, कंपनीकडून आधी लेखी घ्या. महात्मा फुले योजनेचं रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. प्रवासात एक सवलत नक्की आहे, एसटीत बायकांना अर्धं तिकीट. अर्धशिशी बायकांत पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळते, तेव्हा ही सवलत बहुतेकींच्या कामी येईल.

डोकं अचानक, आयुष्यात कधी नव्हतं इतकं दुखलं, ताप येऊन मान ताठली, हात-पाय लुळे पडले किंवा बोलणं अडखळलं, तर कॅलेंडर भरत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा.