वस्तादामागचा वस्ताद

'उस्ताद' हा शब्द तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. हाच शब्द मराठी मुलखातल्या कुस्तीच्या आखाड्यात आला आणि 'वस्ताद' झाला. पहिलवान जिंकला की लोक वस्तादाचेही नाव घेतात. पण काही वस्ताद असे असतात, की जे मोठ्या वस्तादाच्याही मागे उभे राहतात. त्यांना साहाय्यक प्रशिक्षक म्हणतात.

पैठणला आलात तर पैठणी विणण्याचा माग जरूर पाहा. रेशीम उकलणारे, ते रंगवणारे, कांडी भरणारे असे कितीतरी हात त्या साडीला लागलेले असतात. गिऱ्हाईक मात्र पदरावरचा मोर पाहून विणणाऱ्याचेच कौतुक करते. खेळातही तसेच आहे.

अमेरिकेत फुटबॉल नावाचा एक खेळ आहे. त्यात चेंडू पायापेक्षा हातानेच अधिक खेळतात! तिथल्या व्यावसायिक संघात एक मुख्य प्रशिक्षक असतो आणि त्याच्या हाताखाली कितीतरी साहाय्यक असतात. कोणी फक्त चेंडू फेकणाऱ्याला शिकवतो, तर कोणी फक्त बचाव करणाऱ्यांना. मुख्य प्रशिक्षकाची नोकरी गेली, की या साहाय्यकांनाही पुष्कळदा दुसरे गाव शोधावे लागते.

आपल्याकडे असे जीवन पाहायचे असेल, तर मुंबईच्या पारस म्हांब्रे यांचे पाहा. त्यांचा जन्म २० जून १९७२ चा. ते मध्यमगती गोलंदाज. १९९६ साली इंग्लंडमध्ये एजबॅस्टनच्या मैदानावर ते भारताकडून पहिला कसोटी सामना खेळले. त्याच सामन्यात विक्रम राठोड यांनीही पदार्पण केले आणि त्याच दौऱ्यात राहुल द्रविडही भारताकडून पहिल्यांदा कसोटी खेळले. द्रविड पुढे जगप्रसिद्ध झाले. म्हांब्रे यांच्या वाट्याला मात्र दोन कसोटी आणि तीन एकदिवसीय सामनेच आले. चोविसाव्या वर्षी एवढे मोठे दार उघडावे आणि लगेच मिटावे! अशा वेळी मनाला काय वाटत असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

त्यांनी मैदान सोडले नाही. रणजी आणि इतर प्रथम श्रेणीच्या ९१ सामन्यांत त्यांनी २८४ बळी घेतले. नंतर ते प्रशिक्षक झाले. त्यांच्या हाताखाली बंगालचा संघ २००५-०६ आणि २००६-०७ अशी दोन वर्षे रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला. दुसऱ्या वर्षी समोर होता मुंबईचा संघ, म्हणजे त्यांचे स्वतःचेच घर. मुंबई जिंकली. पुढे त्यांनी बडोदा आणि विदर्भ या संघांनाही शिकवले. काही वर्षे ते मुंबई इंडियन्सचे साहाय्यक प्रशिक्षक होते.

२०१८ मध्ये भारताच्या एकोणीस वर्षांखालील मुलांनी विश्वचषक जिंकला. त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक द्रविड होते, तर गोलंदाजीचे प्रशिक्षक म्हांब्रे. २०२० च्या विश्वचषकात म्हांब्रे स्वतः मुख्य प्रशिक्षक होते. संघ अंतिम सामन्यात पोहोचला, पण बांगलादेशाकडून हरला. मुख्य पदावर बसलेला माणूस पुन्हा साहाय्यक व्हायला सहसा तयार होत नाही. म्हांब्रे झाले. मला तर त्यांच्या साऱ्या प्रवासात हीच गोष्ट मोठी वाटते.

२०२१ च्या नोव्हेंबरात ते भारताच्या मुख्य संघाचे गोलंदाजी प्रशिक्षक झाले. प्रमुख होते द्रविड आणि फलंदाजीचे प्रशिक्षक होते राठोड. १९९६ च्या दौऱ्यातले तिघे पुन्हा एकत्र आले!

गोलंदाजी प्रशिक्षकाचे काम कसे असते? गोलंदाज धावत येताना त्याचे पाऊल कुठे पडते, मनगट कसे वळते, हे तो पाहतो. सरावात किती चेंडू टाकले, याचा हिशेब ठेवतो, कारण जास्त चेंडू टाकले तर पाठ दुखावते. समोरचा फलंदाज कोणत्या चेंडूवर चुकतो, हेही तो चित्रफितीवरून शोधून ठेवतो. सामना सुरू झाला की मात्र त्याच्या हातात चेंडू नसतो. २०२३ च्या विश्वचषकात मोहम्मद शमी यांनी २४ बळी घेतले. धावफलकावर नाव शमी यांचेच लागले, आणि ते योग्यच होते.

असे प्रशिक्षक होण्यासाठी नामांकित खेळाडूच असावे लागते, असे नाही. याच काळात क्षेत्ररक्षण शिकवणारे हैदराबादचे टी. दिलीप प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळलेले नव्हते. सुरुवातीच्या काळात ते मुलांना गणिताच्या शिकवण्या देत. क्रिकेटसाठी बंगळूरला प्रशिक्षकांचे वर्ग होतात. इतर खेळांसाठी पतियाळा येथे १९६१ साली स्थापन झालेली राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे. तिथे प्रशिक्षणाची पदविका मिळते.

२९ जून २०२४ रोजी बार्बाडोसमध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून वीस षटकांचा विश्वचषक जिंकला. द्रविड यांची मुदत संपली आणि म्हांब्रे यांचीही. विश्वचषक हाती आला, त्याच दिवसांत त्यांचे पदही गेले. काही महिन्यांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, मुंबई इंडियन्सने त्यांना पुन्हा बोलावले. पद तेच होते, गोलंदाजी प्रशिक्षकाचे.