ओपल बोटात वागवताना

लखनौला आमचं बिऱ्हाड येऊन बारा वर्षं झाली. चौकातल्या सराफ्यात घेतलेला पहिला ओपल अजून माझ्या बोटात आहे. तो वागवताना जे उमगलं ते लिहिते.

१. खडा दुकानातल्या दिव्याखाली पसंत करू नये. "धूप में देखिएगा," म्हणत दुकानदारानंच मला दाराशी नेलं. दुधी खड्यात आधी काहीच दिसेना. मनगट जरा वळवलं, तशी कडेला हिरवी ठिणगी. आणखी वळवलं, तर मधोमध शेंदरी पट्टा. खडा कडेनंही बघावा. सरळ रेघ दिसली, तर ओपलची पातळ चकती काळ्या दगडावर चिकटवलेली असू शकते.

२. हे रंग कुठल्या रंगद्रव्याचे नाहीत. आत सिलिकेचे अतिसूक्ष्म गोळे फळवाल्याच्या मोसंब्यांसारखे रचलेले असतात आणि त्या रचनेतून उजेड फाकतो. लहान गोळ्यांतून निळा-जांभळा, मोठ्यांतून लाल. लाल दुर्मिळ, म्हणून महाग. इथल्या, जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्या बिरबल साहनी संस्थेत दगड झालेलं लाकूड पाहिलं, तेव्हा कळलं की झाडाचा दगड करणारी सिलिकाही हीच. आपल्या दख्खनच्या जीवाश्मांवर साहनींनी काम केलं होतं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

३. मोह्स मापावर ओपलची कठीणता साडेपाच ते साडेसहा, गारगोटीची सात. उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्याबरोबर, म्हणजे लूबरोबर, येणाऱ्या धुळीत गारगोटीचे कण असतात. त्यांनी चरे पडतात, म्हणून खडा कोरडा घासू नये.

४. शुक्र ग्रहासाठी ओपल सुचवणारे भेटतात. मी तो फक्त बघण्यासाठी घातला.

५. पाण्याला जपावं. माझा खडा इथिओपियाचा. तिथल्या वोलो भागातला ओपल २००८ पासून बाजारात आला. तो पाणी शोषतो. गणपतीत अंगठी न काढताच मोदकांची उकड मळली, भांडी घासली. संध्याकाळी बघते तर खडा काचेसारखा आरपार, एकही रंग नाही! पोटात खड्डाच पडला. कुणी म्हणालं, तेलात ठेवा. नाही ठेवला, ते बरं झालं. तेल आत मुरलं तर निघणं कठीण. सावलीत कापसावर ठेवला. दुसऱ्या दिवशी तो धुरकट पांढरा झाला, चौथ्या दिवशी कडेची हिरवी ठिणगी परत आली, शेंदरी पट्टा त्यानंतर. अत्तरही असंच आत मुरेल, म्हणून तेव्हापासून लग्नाकार्याला जाताना आधी अत्तर लावते, ते मनगटावर पुरतं वाळू देते, आणि मगच अंगठी घालते.